प्रत

पहाटे साडेपाचला मी शिक्क्याची डबी उघडतो.
खायच्या रंगाची जांभळी शाई, गोल रबर,
मधे तारीख, भोवती महापालिकेचं नाव.
माझ्याकडे शब्द दोनच: योग्य, अयोग्य.
ह्या दोन शब्दांवर अठरा वर्षं पगार घेतला.

जैतुनबी काल संध्याकाळी आली वळसंगहून,
टेम्पोत ड्रायव्हरशेजारी; मागं तिचा टोणगा,
पंढरपुरी, शिंगं पार पाठीवर गेलेली.
कागद चोख. कानात बिल्ला. दात मी मोजले, सही केली.
आज सगळं झाल्यावर म्हणाली,
"डॉक्टरसाब, प्रत लिहून द्या."

कारकून म्याकल मान वर न करता म्हणाला,
"मिळेल की. झेरॉक्स समोर. दोन रुपये."

"ती नव्हे ओ.
पहिली का दुसरी, ती.
हैद्राबादचा व्यापारी म्हणतो, सरकारी कागदावर प्रत असली
तर किलोमागं चाळीस जास्त."

असा रकाना आमच्या पावतीवर नाही.
मी तिला सांगितलं, नाही.
ती उभीच राहिली, पदराला हात पुसत.

मग तिनं सांगितलं, मी विचारलं नव्हतं:
तिसऱ्या दिवशीचं रेडकू, गवळ्यानं दाव्याला उपाशी सोडलेलं,
कारण नर, म्हणजे दुधाला खार.
शंभर रुपयांत आणलं, बाटलीनं पाजलं.
नंतर कडबा, उसाचं वाडं, तुरीची चुणी.
तीन वर्षं काठी लावली नाही.
आणि काल रात्री ती गोठ्यात बसून होती त्याच्यापाशी,
नवी जागा, भिईल म्हणून.

भ्यालेल्या जनावराचं मांस काळं पडतं.
हे मी पुस्तकात वाचलंय. तिला कुणी सांगितलं?
मायेनं बसली का चाळीस रुपयांसाठी,
विचारणार होतो, विचारलं नाही.
दोन्ही असेल. दोन्ही असतं.

मांसविज्ञानात मला एकाहत्तर मार्क होते.
तंतूची जाडी, चरबीचा रंग, सगळं पाठ.
पण गळ्यात लिंग, त्यावर रबरी एप्रन,
आमच्या घरी सोमवारी कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर.
मी बॅटरी मारली फासळ्यांवर
आणि मला आठवलं ते सगळं बायकोच्या स्वयंपाकघरातलं:
चरबी ज्वारीच्या चाळलेल्या पिठासारखी,
लाल म्हणजे बीट चिरल्यावर पाटावर राहतं तसं.
चवीच्या जागी कोरा कागद.

रज्जाकचाचांना हाक मारली.
त्यांनी सुरी कमरेला पुसली, अंगठा टेकवला, उचलला.
खळगा पडला. हळूहळू भरून आला.
"मऊ आहे," म्हणाले. "भिऊन मेलेलं नाही."
आणि गेले, दुसऱ्या आकड्याकडे.

पावतीच्या तळाशी एक रकाना आहे: शेरा.
अठरा वर्षं तिथं मी 'निरंक' लिहीत आलो,
इतक्या वेळा की पेन आपोआप 'नि'कडे वळतं.
आज ते थोडं अडलं.
मग लिहिलं: पहिली.

म्याकलनं चष्म्यावरून बघितलं.
"साहेब, कोणत्या नियमाखाली?"
"शेऱ्याच्या," मी म्हणालो.

जैतुनबीला मराठी वाचता येत नाही.
तिनं पावती उलटी धरली, मग सुलटी,
त्या अक्षरावर बोट ठेवलं. "हेच का?"
"हेच."
बोटाला ओली शाई लागली. ती तिनं पुसली नाही.
व्यापारी ह्या कागदाला विचारेल का, ठाऊक नाही.
मला तरी वाटतं, हसेल.

फाडलेल्या पावतीखाली कार्बन होता.
वरची ती घेऊन गेली टमटम शोधत.
खालच्यावर माझं अक्षर फिकट उमटलं होतं,
'पहिली'ची वेलांटी तर दिसतच नव्हती.
ती दुसरी प्रत माझ्याकडे राहिली.